ओनोमिचीहून टोकियो, रेवदंड्याहून मुंबई

एक म्हातारं जोडपं प्रवासाची तयारी करतंय. आजोबा रेल्वेच्या वेळापत्रकात डोकं घालून बसलेत, आजी पिशव्या भरतायत. हवेची उशी काही सापडत नाही. आजोबा म्हणतात तुझ्याकडे दिली होती, आजी म्हणतात माझ्याकडे नाही. तेवढ्यात खिडकीबाहेरून शेजारीण डोकावते, मुलांकडे निघाल्याबद्दल दोन गोड शब्द बोलते आणि निघून जाते. मग उशी आजोबांच्याच सामानात सापडते. सापडली, एवढंच ते सांगतात. चूक कबूल करत नाहीत आणि आजींनाही त्याची अपेक्षा नसते. सिनेमा सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात, पण या दोघांचा अख्खा संसार आपल्याला कळून चुकलेला असतो.

यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ ३ नोव्हेंबर १९५३ ला जपानमध्ये प्रदर्शित झाला. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या ३५८ दिग्दर्शकांना आजवरचे सर्वोत्तम चित्रपट विचारले, तेव्हा त्यांच्या यादीत पहिला आला तो हा. ज्यात मारामारी नाही, प्रेमप्रकरण नाही, गुपित नाही, कुणी कुणाला फसवत नाही, असा १३६ मिनिटांचा कृष्णधवल सिनेमा. दोन म्हातारी माणसं गावाहून मुलांकडे जातात, परत येतात आणि त्यातलं एक माणूस वारतं. गोष्ट एवढीच. मग त्या ३५८ जणांना यात दिसलं तरी काय?

मला वाटतं, रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला याचं उत्तर शोधायला सिनेमाच्या पंडितांपेक्षा कमी कष्ट पडतील. आजी-आजोबांचं गाव ओनोमिची. हिरोशिमा प्रांतातलं छोटं बंदर. समोर चिंचोळी खाडी वाटावी असा समुद्राचा पट्टा, पलीकडे बेट, पाठीशी लगेच डोंगर, डोंगरावर देवळं. पहिल्याच दृश्यांत पाण्यावरून जाणाऱ्या होडीच्या इंजिनाचा ठक-ठक आवाज ऐकू येतो. रेवदंड्याच्या खाडीकाठी किंवा राजपुरीच्या धक्क्यावर ज्याचं लहानपण गेलं, त्याला हा आवाज वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुलं मोठ्या शहरात, आई-बाप बंदरावरच्या जुन्या घरात, सोबतीला धाकटी लेक, तीही शाळेत शिकवणारी. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत अशी घरं आळीआळीला आहेत. मांडव्याहून गेटवेला लाँचने तासाभरात पोचता येतं, २०२० पासून रो-रोमुळे गाडीसुद्धा बोटीत घालून नेता येते. तरी गणपती-शिमगा सोडला तर ओटीवर माणसं दोनच.

आता ओझूने या गोष्टीचं काय केलं ते बघा. त्यासाठी आधी इतरांनी काय केलं ते बघावं लागेल, कारण गोष्ट त्याची एकट्याची नाही. १९३७ मध्ये लिओ मॅककॅरी या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘मेक वे फॉर टुमॉरो’ काढला. त्यात म्हाताऱ्या नवरा-बायकोचं घर बँकेच्या ताब्यात जातं आणि मुलं एकेकाला वाटून घेतात. मॅककॅरीला त्याच वर्षीच्या दुसऱ्याच एका विनोदी चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा तो म्हणाला होता की तुम्ही मला बक्षीस दिलंत, पण चुकीच्या सिनेमासाठी. ओझूचा नेहमीचा सहलेखक कोगो नोदा याने हा सिनेमा पाहिला होता, ‘टोकियो स्टोरी’चं बीज त्यातलंच. आणि गंमत अशी, की ओझूच्या पाठोपाठ दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, राजा परांजपे आणि ग. दि. माडगूळकर यांनी मराठीत ‘ऊनपाऊस’ केला. एक शिक्षक, त्याची बायको, आणि त्यांची वाटणी करणारी मुलं. याच कुळात पुढे पंतुलूंचा कन्नड ‘स्कूल मास्टर’ (१९५८) येतो, संजय सूरकरांचा ‘तू तिथे मी’ (१९९८) येतो, हिंदीतला ‘बागबान’ (२००३) येतो. रंगभूमीवर जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने हीच पोकळी पार टोकापर्यंत नेली. म्हणजे हा विषय मराठी प्रेक्षकाच्या चांगला ओळखीचा आहे. त्यात कुठे रडायचं आणि कुणाला शिव्या घालायच्या, हेही आपल्याला पाठ आहे.

ओझूच्या सिनेमात मात्र शिव्या घालायला कुणी सापडत नाही. त्याने गोष्टीतला खलनायकच काढून घेतला! घर जप्त होत नाही, वाटणी होत नाही, सून छळत नाही, कुणी म्हाताऱ्यांना हाकलत नाही. थोरला मुलगा कोइची टोकियोच्या एका टोकाला छोटा दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. रविवारी आई-वडिलांना शहर दाखवायला निघतो, बूट घालणार तोच एका आजारी मुलाचा बाप दारात येतो. डॉक्टरने जायचं नाही का? जातो. सहल बारगळते. थोरली मुलगी शिगे ब्यूटी पार्लर चालवते, गिऱ्हाईक सोडून तिला हलता येत नाही. आई-बापाला ती अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देते. खर्च भाऊ-बहीण मिळून करतात, खोटं प्रेम त्यात नाही. फक्त ते हॉटेल तरुणांचं आहे. रात्रभर पत्ते, गाणी, आरडाओरडा. दोघांना झोप लागत नाही. सकाळी समुद्राच्या बांधावर ते शेजारी-शेजारी बसतात, सारख्याच कपड्यांत, सारख्याच पवित्र्यात, आणि घरी परत जावं असं ठरवतात. उठताना आजींचा तोल जातो. कॅमेरा लांबच राहतो. संगीत भरून येत नाही, चेहरा जवळून दिसत नाही. लक्ष नसेल तर हा क्षण निसटतो. सगळ्या पुढच्या गोष्टीची किल्ली इथे ठेवलेली आहे, आणि ती ओझूने ठेवलीय अशी, की पायाखाली आली तरी कळू नये.

शिगेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण हारुको सुगिमुराने तिला इतकं खरं केलंय की आपल्याला आपली एखादी आत्या किंवा मावशी आठवते. नवऱ्याने सासू-सासऱ्यांसाठी चांगल्या दुकानातली मिठाई आणली की ती म्हणते एवढं महाग कशाला, आणि एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकते. गिऱ्हाईक विचारतं हे कोण, तर म्हणते गावाकडचे ओळखीचे. आई अत्यवस्थ असल्याची तार येते तेव्हा निघताना बरोबर सुतकाचे कपडे घ्यायचे का, हा व्यवहारी प्रश्न तीच काढते. आई गेल्यावर सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोकळेपणाने हंबरडा फोडते तीही शिगेच. आणि डोळे पुसून झाले की जेवतानाच आईची अमुक साडी (तिथे किमोनो आणि कमरपट्टा) मला हवी, हेही तीच सांगते. तिची चीड येत असतानाच कळतं की ही बाई वाईट नाहीये. ही कामाची बाई आहे. आपल्याकडे बाराव्या-तेराव्याला कुणीतरी असं असतंच, आणि ते नसेल तर स्वयंपाकाचं कुणी बघत नाही.

याच्या उलट टोकाला नोरिको. ती मुलगीसुद्धा नाही, सून. तिचा नवरा शोजी युद्धात गेला त्याला आठ वर्षं झाली. एका खोलीत राहते, ऑफिसात नोकरी करते, साहेबाकडून एक दिवसाची रजा मागून सासू-सासऱ्यांना बसमधून टोकियो दाखवते. घरी आणून शेजारणीकडून साके आणि पेला उसना घेऊन पाहुणचार करते. सेत्सुको हाराने ही भूमिका केलीय, आणि तिचं हसू हा या सिनेमाचा सगळ्यांत अवघड भाग आहे. पहिल्यांदा पाहताना ते फार गोड वाटतं. दुसऱ्यांदा पाहिलं की लक्षात येतं, ती बहुतेक तेव्हाच हसते जेव्हा दुसरं काहीतरी दाबायचं असतं. शेवटी सासऱ्यांसमोर ती सांगते, की मी तुम्हाला वाटते तितकी चांगली नाही, हल्ली नवरा दिवसेंदिवस आठवतसुद्धा नाही, आणि असं किती दिवस चालणार याची मला भीती वाटते. हाराने १९६३ नंतर सिनेमा कायमचा सोडला आणि २०१५ मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी जाईपर्यंत कामाकुरात लोकांच्या नजरेआड राहिली.

इथे जपानची एक गोष्ट माहीत असली तर सिनेमा जास्त उलगडतो. युद्धापूर्वीच्या कायद्यात घराचा एक कर्ता असे. वारसा थोरल्या मुलाकडे जाई आणि त्याबरोबर म्हाताऱ्यांची जबाबदारीही. हरल्यानंतर अमेरिकन अमलाखाली १९४७ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली, नागरी कायदा बदलला, आणि घराण्याची ती चौकट कायद्यातून उठली. अमेरिकन अंमल संपला एप्रिल १९५२ मध्ये, आणि सिनेमा आला पुढच्या वर्षी. म्हणजे कोइची आणि शिगे ही अशी पहिली पिढी आहे, जिला आई-बापांशी कसं वागायचं हे सांगणारा जुना नियम गेलाय आणि नवा अजून बसलेला नाही. आजोबा जुन्या मित्रांबरोबर पीत बसतात त्या लांब दृश्यात हेच चाललेलं असतं. ज्याचे मुलगे युद्धात मेले तो म्हणतो तू नशीबवान. ज्याचा मुलगा जिवंत आहे तो म्हणतो, कसलं नशीब, त्याने माझी निराशा केली. आजोबा दोघांचं ऐकतात, मान डोलावतात, आणि एवढे पितात की पोलीस त्यांना रात्री शिगेच्या पार्लरमध्ये आणून सोडतो. हे दृश्य खूप हसवतं, हेही सांगून ठेवतो. ओझू गंभीर आहे असं ऐकून आलेल्यांना तो विनोदी आहे हे कळायला वेळ लागतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू, कारण खरी नवलाई तिथे आहे. सिनेमा पाहताना पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी वेगळं जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. एक तर कॅमेरा फार खाली आहे. जमिनीवर चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही किंचित खाली. ज्यांनी कोकणातल्या घरात ओटीवर मांडी घालून माजघरातली हालचाल पाहिलीय त्यांना ही उंची नवी नाही: आत-बाहेर करणाऱ्या माणसांचे पाय आधी दिसतात, दारांच्या चौकटी एकामागे एक लागतात, आणि कोण कुठून कुठे गेलं यावरून घरात काय चाललंय ते समजतं. ओझूचा छायाचित्रकार युहारू अत्सुता जवळजवळ प्रत्येक दृश्य एकाच प्रकारच्या, ५० मिलिमीटरच्या भिंगातून घेतो आणि कॅमेरा सहसा हलवत नाही. त्यामुळे जेव्हा तो हलतो तेव्हा अंगावर काटा येतो. म्हातारा-म्हातारीला रात्र काढायला जागा उरत नाही, दोघं उएनोच्या बागेपाशी थांबलेली असतात, आणि एका भिंतीच्या कडेकडेने कॅमेरा हळूच सरकत त्यांच्यापर्यंत पोचतो. एवढंच. ज्यांनी इतका वेळ स्थिर चौकटी पाहिल्यात, त्यांना हे सरकणं एखाद्या आघातासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट संवादांची. सगळीकडे सिनेमाचा एक पाळला जाणारा नियम आहे. बोलणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे एक डावीकडे पाहतो, दुसरा उजवीकडे, आणि प्रेक्षकाला दिशा कळते. ओझू ही रेषा खुशाल ओलांडतो. त्याची माणसं एकाच दिशेला पाहतात आणि जवळजवळ आपल्याकडेच पाहून बोलतात. आधी थोडं विचित्र वाटतं. नंतर आपण त्या बोलण्यात मधोमध बसलोय असं वाटायला लागतं, आणि आजी नातवाविषयी बोलताना आपल्याकडे पाहतात तेव्हा आपल्याला नजर चुकवावीशी वाटते. नियम मोडण्याचं कारण विचारणाऱ्याला सिनेमातच उत्तर मिळतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं, म्हणजे ओझू काय दाखवत नाही ते. ओनोमिचीहून टोकियोपर्यंतचा एवढा लांब रेल्वेचा प्रवास, ज्याची तयारी आपण पाहिली, तो सिनेमात नाहीच. पिशव्या भरून झाल्या, की पडद्यावर टोकियोच्या गिरण्यांची धुराडी. परतीच्या वाटेवर आजी गाडीत आजारी पडतात आणि दोघं ओसाकाला धाकट्या मुलाकडे उतरतात, तेही आपल्याला नंतर बोलण्यातून कळतं. आजी शेवटचा श्वास घेतात तो क्षणही नाही. असा दिग्दर्शक मी दुसरा पाहिलेला नाही, जो गोष्टीतल्या सगळ्या मोठ्या घटना गाळतो आणि हवेची उशी ठेवतो. मधल्या जागेत तो रिकामी चौकट टाकतो: धुराडी, वाळत घातलेले कपडे, रुळांवरून जाणारी गाडी, खाडीतली होडी. माणूस नसलेली ही दृश्यं वगळायची नाहीत. जे दाखवलं नाही ते तिथे घडून जातं.

उन्हाळ्याकडेही लक्ष ठेवा. संपूर्ण सिनेमाभर हातात पंखे आहेत. बोलता बोलता प्रत्येकाच्या पंख्याची गती वेगळी: डॉक्टरचा घाईत, शिगेचा फटाफट, आजोबांचा सावकाश. आपल्याकडे मे महिन्यात, वारा पडलेल्या दुपारी वाडीतल्या घरात बसलेली माणसं अशीच बोलतात, वाक्यामध्ये पंखा. आजी गेल्या त्या पहाटे आजोबा बाहेर उभे राहून सूर्य उगवताना बघतात आणि आज फार उकडणार असं काहीतरी म्हणतात. पन्नास वर्षांची सोबत संपल्यावर माणूस हवेबद्दल बोलतो. यात काही जपानी नाही. आपल्याकडचे आजोबाही असंच बोलतात.

आजोबा झालेल्या चिशू र्यूचं वय त्या वेळी ४९ होतं! केस पांढरे करून, खांदे किंचित वाकवून, बोलण्याआधी एक ‘हं’ घेऊन तो सत्तरीचा होतो. त्याची मुलगी झालेली सुगिमुरा त्याच्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी लहान. ज्यांना हे आधी माहीत नसतं ते सिनेमा संपल्यावर विश्वास ठेवत नाहीत.

पटकथा ओझू आणि नोदा यांनी चिगासाकीच्या समुद्राकाठच्या एका खानावळवजा उतारघरात बसून लिहिली. ओझूने डायरीत लिहून ठेवलंय: १०३ दिवस आणि साकेच्या ४३ बाटल्या. दोघं आधी व्यक्तिरेखा आणि त्यांचं बोलणं ठरवत, गोष्ट नंतर. म्हणूनच यातली माणसं गोष्टीसाठी बोलत नाहीत. ओझू स्वतः अविवाहित, आईबरोबर राहिला. ती १९६२ मध्ये गेली. तो १२ डिसेंबर १९६३ ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी. परदेशात त्याला फार उशिरा ओळखलं गेलं. कुरोसावाच्या ‘राशोमोन’ला व्हेनिसमध्ये सर्वोच्च बक्षीस मिळालं १९५१ मध्ये, न्यूयॉर्कच्या थिएटरात ‘टोकियो स्टोरी’ लागला तेव्हा १९७२ साल उजाडलं होतं. आपल्याकडेही जपानी सिनेमा म्हटलं की आधी तलवारी आठवतात, त्यात कुरोसावाचा दोष नाही.

पाहताना काय करावं? दिवसा पाहू नका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा. संवाद तळाच्या ओळींत वाचायचेच आहेत, पण होडीचं इंजिन, रातकिडे, गाड्यांच्या शिट्ट्या, देवळातल्या लाकडी तुंब्यावरचा ठोका हे ऐकायचं आहे. तो ठोका ऐकवेना म्हणून धाकटा मुलगा अंत्यविधीतून उठून बाहेर येतो, आई लहान लहान होत चाललीय असं त्याला वाटतं. थिएटरात असता तर ठीक, घरी पाहायचा असेल तर शक्यतो एका बैठकीत, आणि ‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्या मित्राला पहिल्या चाळीस मिनिटांत बोलू देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर पाहावा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पाहिलात तर त्यांना तो तुमच्या आधी समजेल.

संपल्यावर ‘ऊनपाऊस’ लावला तर एका कुळातल्या दोन शाखा एकमेकींशेजारी ठेवता येतील. पण त्याआधी मी १९५९ चा ओझूचा रंगीत ‘ओहायो’ पाहायला सांगेन. त्यात दोन शाळकरी भाऊ टीव्ही हवा म्हणून घरात बोलणंच बंद करतात, कारण मोठी माणसं दिवसभर हवापाण्याचं फुकट बोलतात आणि मग पोरांनीच का गप्प बसायचं! पादण्याचे विनोद इतके, की आजीबरोबर बसलेला नातू लोळून हसेल. त्या दोन भावांची नावं मिनोरू आणि इसामू. ‘टोकियो स्टोरी’तल्या डॉक्टरच्या दोन मुलांची नावंही हीच आहेत, आणि टीव्हीसाठी हटून बसलेल्या या पोरांचा बाप झालाय तो चिशू र्यू.